सागरेश्वर: माणसांनी वाढवलेल्या जंगलात एक सकाळ

सागरेश्वरला जायचं तर वाघाच्या आशेने जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. सांगली जिल्ह्यातलं हे यशवंतराव चव्हाण अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी कुंपण घातलेलं. इथले वृक्षप्रेमी धों. म. मोहिते यांनी पुढाकार घेऊन वनखात्याला उजाड डोंगरांवर झाडं लावायला, हरणं सोडायला भाग पाडलं आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. बघायचं ते हेच: ओसाड माळ पुन्हा उभा राहतो तो कसा.

आम्ही कराडहून गाडीने गेलो, तासाभराच्या आत पोचलो. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचं ताकारी स्थानक सोयीचं, पुढे मात्र रिक्षा किंवा ओळखीची गाडी हवी. फाटकावर पावती फाडली की चढ सुरू.

खालच्या झाडीत चितळं आणि सांबरं. आम्हाला सांबर दिसलं नाही, नुसता 'ढाँक' असा इशारा ऐकू आला. खरी मजा वरच्या गवतात. पायवाटेच्या कडेला काळविटाच्या लेंड्यांचा ढीग होता, वरच्या ताज्या आणि काळ्याभोर, खालच्या वाळून भुरकट झालेल्या. नर रोज त्याच जागी येऊन आपल्या हद्दीची खूण करतो. थोड्या वेळाने तो स्वतःही दिसला. लांबूनच, पण पिळदार शिंगं ओळखू आली. दुर्बीण न्याच.

डोंगरावरच्या पॉइंटवरून कृष्णाकाठची उसाची हिरवी पट्टी दिसते. तिथे बसून डबा खायचा मोह होतो, पण माकडं टपलेली असतात आणि प्लास्टिक वाऱ्याने थेट गवतात जातं. डबा गाडीतच ठेवा.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. मात्र कुसळी गवत पिकलं की कुसळं मोजे आणि पँटच्या शिवणीत अशी रुततात की घरी येऊन चिमट्याने काढावी लागतात. लोकरी मोजे नकोत, जाड सुती पँट बरी. उन्हाळ्यात सावली फार थोडी, माणशी दोन लिटर पाणी सोबत घ्या. श्रावणी सोमवारी सागरेश्वराच्या देवळांना तोबा गर्दी असते. प्राणी बघायचे असतील तर तो दिवस टाळा, आणि एरवीही फाटक उघडताच आत शिरा. नऊनंतर हरणं सावलीत बसतात. परतताना जवळच्या देवराष्ट्र्याला यशवंतरावांचं जन्मघर बघून मग कराडकडे वळता येतं.