आईचे मराठी अंक

सांगलीच्या विश्रामबागेत घरूनच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम सुरू होतं. आई शेजारी बसून मार्केट यार्डातल्या हळदीचा हिशेब मामाला मेसेजमध्ये लिहीत होती: '२५ पोती'. मराठी कीबोर्ड, मराठी अंक. ते बघितलं आणि लगेच आमच्या फॉर्ममध्ये रकमेच्या जागी '५००' टाकून पाहिलं. 'अवैध रक्कम'!

कारण साधं आहे. स्क्रीनवरची तपासणी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत, आणि तिच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे मजकूर कसा असावा हे ठरवणाऱ्या नियमात, अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. मागचा सर्व्हर पायथन ३ या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतला, त्याला देवनागरी ५०० सुद्धा आकडाच वाटतो. म्हणजे सर्व्हरला चालणारी रक्कम स्क्रीनच अडवत होती. सहा वर्षं टेस्टिंग करतेय. ऋण रक्कम, रिकामा रकाना, मर्यादेच्या एक वर, एक खाली, सगळं तपासते. माझ्याच भाषेतले आकडे मात्र कधी टाकले नव्हते. फार वाईट वाटलं.

बग नोंदवला. डेव्हलपरने विचारलं, "असं कोण टाईप करतं?"

"माझी आई."

मीटिंगमध्ये प्रायॉरिटी कमी ठेवू म्हणाले. मी अडून बसले. संध्याकाळी फिक्स आला, तो आईच्याच फोनवर तपासला. तिनेच '५००' टाकले आणि फॉर्म पुढे गेला.

उद्या बंगाली आणि तमिळ अंक.