तुम्ही विचारलंत म्हणून: कॅडिलॅक खरंच तरुण झाली का?

“आजोबांची गाडी म्हणून ओळखला जाणारा ब्रँड ‘आता तरुणांसाठी’ म्हणतो, तेव्हा गाडीत खरंच काही बदलतं की नुसती जाहिरात बदलते?” हा प्रश्न सारखा येतो, आणि बहुतेक वेळा कॅडिलॅकवरूनच, म्हणजे अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांच्या ब्रँडवरूनच येतो. त्यामुळे उत्तरही त्याच गाडीवरून देतो. जाहिरात बाजूला ठेवा आणि गाडीखाली वाकून बघा. ताकद कोणत्या चाकांना जाते, सस्पेन्शन कसलं आहे आणि सांगाडा कोणाबरोबर वाटून घेतला आहे, या तीन गोष्टींत बहुतेक उत्तर सापडतं.

१९८२ची सिमारॉन घ्या. लहान युरोपीय गाड्यांकडे वळलेल्या तरुण गिऱ्हाइकासाठी कॅडिलॅकने ती आणली. पण सांगाडा जनरल मोटर्सच्याच स्वस्त शेव्हरोले कॅव्हेलियरचा, ताकद पुढच्या चाकांना आणि १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन ८८ हॉर्सपॉवरचं. चामड्याची सीट आणि वेगळी जाळी लावली म्हणून गाडीचं वळणावरचं वागणं बदलत नाही. शेजारच्याने तीच गाडी कितीतरी स्वस्तात घेतलेली असताना कोणी दुप्पट हौसेने पैसे का मोजावेत? १९८८ला ती बंद झाली.

खरा बदल २००३ मॉडेलच्या सीटीएसमध्ये झाला. कंगोरेदार पत्रा सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण आमच्या मते मोठी गोष्ट त्या पत्र्याखाली होती. ताकद मागच्या चाकांना देणारा नवा सिग्मा प्लॅटफॉर्म (म्हणजे सांगाडा), पुढे वरखाली दोन आर्मचं सस्पेन्शन, मागे मल्टिलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन), आणि सिमारॉननंतर पहिल्यांदाच हाताने गिअर बदलायची, क्लचची कॅडिलॅक. चाचणी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या रेसट्रॅकवर झाली. तिथे वळणांबरोबर चढउतारही आहेत, त्यामुळे मऊ, डुलणारी गाडी लगेच उघडी पडते.

चुका तिथेही झाल्या. पहिल्या सीटीएस-व्हीमध्ये, म्हणजे सीटीएसच्या वेगवान आवृत्तीत, कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं ५.७ लिटरचं ४०० हॉर्सपॉवरचं व्ही-८ बसवलं, पण मागचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आणि त्याचे रबरी बुश (धक्का शोषणारे टेकू) त्या जोराला कमी पडले. क्लच झटक्यात सोडला की बुश पिळवटतात, चाक पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं आणि मागचा भाग थडथडतो. तो मार शेवटी डिफरन्शियलच्या दातांवर बसतो. जुनी गाडी घेत असाल तर मागून येणारा घुरघुर आवाज वेगाबरोबर वाढतो का ते ऐका, आणि डिफरन्शियलच्या सीलभोवती तेलाची ओल आहे का ते बघा.

साध्या सीटीएसचं ३.६ लिटरचं व्ही-६ घेणाऱ्याने टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या दांड्यांचा मेळ ठेवणाऱ्या साखळीची चौकशी आधी करावी. एक मुख्य आणि दोन दुय्यम, अशा तीन चेन आहेत. तेल बदलायला उशीर झाला किंवा पातळी खाली गेली की कड्यांचे सांधे झिजतात आणि चेन लांबते. मग क्रँक आणि कॅमचा मेळ चुकतो. स्कॅनरवर पी०००८ किंवा पी००१७ हा बिघाडाचा कोड दिसला तर नुसता सेन्सर बदलून थांबू नका, चेन तपासा. साधारण ८,००० किलोमीटरला तेल बदलणं आणि मधे डिपस्टिक बघत राहणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

मॅग्नेटिक राइड, म्हणजे विजेने कमीजास्त कडक होणारं सस्पेन्शन, मात्र मनापासून आवडावी अशी गोष्ट आहे. २००२च्या सेव्हिल या कॅडिलॅकमध्ये ती पहिल्यांदा आली. शॉक अब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात आणि पिस्टनमध्ये तारेची गुंडाळी. वीज वाहिली की कण रांगेत उभे राहतात, तेल घट्टसर होतं आणि शॉक कडक होतो. वीज थांबली की पुन्हा मऊ. निवांत रस्ता आणि रेसट्रॅक एकाच गाडीत बसवता आले ते यामुळे. पण शॉक गळायला लागला आणि कोणी साधा बसवला, तर गुंडाळी न सापडल्याने डॅशबोर्डवर सस्पेन्शनची सूचना लागून राहते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी चारही शॉकची वायर जागेवर जोडलेली आहे ना, हे हाताने चाचपून बघा.

तरुणांना नक्की काय हवं याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला तो २०१३ मॉडेलपासून आलेल्या क्यू या स्क्रीनमध्ये. फोनसारखं दिसावं म्हणून बटणं काढली, आवाजासाठी बोट सरकवायची पट्टी दिली. चालवताना नजर रस्त्यावर असते आणि गुळगुळीत पट्टी बोटाला सापडत नाही. त्यात काही वर्षांनी स्पर्शाच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडू लागल्या. उष्णतेने प्लॅस्टिक हलतं आणि स्क्रूंच्या दाबाखालचा थर तडकतो. मग स्क्रीन बोट ओळखत नाही किंवा आपोआप दाबली जाते. पूर्ण युनिट बदलायची गरज नसते. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लॅस्टिकच्या पट्टीने ट्रिम (भोवतीची सजावटीची चौकट) उचकटा, ७ मिलिमीटरचे स्क्रू सोडवा आणि फक्त स्पर्शाचा पॅनल बदला. मूळ युनिट तेच राहिल्याने प्रोग्रॅमिंग लागत नाही. स्क्रू परत लावताना आवळून पिळू नका, नाहीतर नवा पॅनलही त्याच जागी तडकेल.

२०२० मॉडेलच्या सीटी५मध्ये आवाजाचं गोल बटण परत आलं. तिच्याच ब्लॅकविंग आवृत्तीत ६६८ हॉर्सपॉवर आहे, मॅग्नेटिक राइड आहे आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आहे.