ट्रॅक्टर काढून टाकला तर?

नागपूरला धरमपेठेत आम्ही आठ-नऊ जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका पुस्तकावर बोलायला जमतो, आणि कितीतरी महिने आमची चर्चा वीस मिनिटांत आटपायची. मी विचारायची "आवडलं का?", सगळे म्हणायचे हो छान आहे, मग पोहे यायचे अन् विषय उन्हावर. खूप वाईट वाटायचं, कारण नंतर एकेकाशी फोनवर बोललं की कळायचं की यांनी किती जीव लावून वाचलंय.

मागच्या वेळी महेश एलकुंचवारांचं नाटक 'वाडा चिरेबंदी' होतं. नाटक रंगभूमीवर आलं १९८५ ला, पण विदर्भातल्या खेड्यातलं देशपांड्यांचं ते खचत चाललेलं घर आमच्यातल्या निम्म्यांना आपलंच वाटतं. मी प्रश्न लिहून नेले होते, "वाडा म्हणजे जुन्या सरंजामी व्यवस्थेचं प्रतीक आहे ना?" असले. ऐनवेळी वाटलं, यात विचारलं काय आपण? उत्तर तर आपणच देऊन टाकलं, लोकांनी नुसती मान हलवायची. कागद ठेवला बाजूला आणि विचारलं, वाड्यासमोर तो बंद ट्रॅक्टर नुसता गंजून राहिला ना, तो काढून टाकला तर नाटकात काय काय बदलेल?

कोणी बोलेचना. कूलरचा तेवढा आवाज. स्वतःच काहीतरी बोलून टाकावं असं फार वाटत होतं, पण थांबले.

मग एरवी गप्प बसणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "आमच्या विहिरीवर इंजिन होतं असंच. दुरुस्त करत नव्हते अन् विकतही नव्हते. विकलं असतं तर गावाला कळलं असतं ना."

त्यानंतर दीड तास कोणी उठलं नाही. एक जण म्हणाला, ट्रॅक्टर घेणाऱ्या घरानं आपल्याच मुलीला, प्रभाला, शिकू दिलं नाही, म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच, लगेच दुसरी त्याच्याशी भांडायला लागली, दोघंही पुस्तक उघडून पानं दाखवत होते.

नुसतं "काय वाटलं?" पण मी करून पाहिलंय, तेही चालत नाही, माणूस गोंधळतो, कुठून सुरू करू म्हणतो. प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या वस्तूला, एखाद्या वाक्याला धरून हवा, आणि विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर नको. ट्रॅक्टरचं माझ्याकडे खरंच नव्हतं.

निघताना काकू चपला घालता घालता म्हणाल्या, "नाटकातल्या त्या वहिनीनं रात्री सगळे दागिने अंगावर घातले, तेव्हा तिच्या मनात काय चालू असेल हो?" मग आम्ही अजून अर्धा तास जिन्यातच उभे.