गहू चावून बघणारा माणूस

माझे सासरे, ज्यांना आम्ही डॅड म्हणायचो, कापणी कधी सुरू करायची ते दातांनी ठरवायचे. ऑगस्टच्या शेवटी शेतात शिरायचं, चार-पाच ओंब्या तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून फोलपटं उडवायची आणि दाणे तोंडात टाकायचे. दाणा कटकन फुटला तर कापणी-मळणीचं कम्बाइन बाहेर काढायचं. चिवट लागला तर घरी परत आणि कॉफी. ओलावा मोजायचं यंत्र घरात होतं, माझ्या नवऱ्यानं आणलेलं. डॅड त्यावरचा आकडा आवर्जून बघायचे, पण तो यंत्र बरोबर चालतंय का ते तपासायला.

मी जालन्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये आले तेव्हा डॅड साठी ओलांडलेले होते. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी आणि त्यांचं तोंडातल्या तोंडात, पण तांबेरा, पड ठेवलेलं रान, गारपीट, बी न उगवणं हे विषय निघाले की आमचं व्यवस्थित जमायचं. सासूबाई म्हणायच्या, हा माणूस वर्षभरात माझ्याशी बोलला नाही तेवढं सुनेशी आठवड्यात बोलला.

जमीन त्यांच्या वडिलांची. १८७२ च्या कायद्यानं सरकार इकडे एकशे साठ एकरांचा तुकडा दहा डॉलर फी घेऊन द्यायचं. अट एवढीच की तिथं राहायचं, घर बांधायचं आणि माळ फोडून दाखवायचा. फुकटच म्हणायची. त्याआधी ती जमीन कुणाची होती, हा प्रश्न आमच्या घरात फार उशिरा निघाला. तोही नातवंडांनी काढला.

डॅडचं सगळं लहानपण आणि मिसरूड फुटायचं वय तिशीच्या दशकात गेलं. पाऊस नाही, गव्हाला भाव नाही आणि वारा मात्र भरपूर. उघडी पडलेली माती उडून कुंपणापाशी ढिगानं साचायची. जेवणाची ताटं टेबलावर पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी उलटायची; ही सवय सासूबाईंच्या हाताला शेवटपर्यंत होती. १९३७ साली सस्कॅचवनमध्ये गव्हाचा सरासरी उतारा आला एकरी २.७ बुशेल, म्हणजे आपल्या हिशेबात ७३ किलो. त्यातलं जवळजवळ निम्मं पुढच्या बियाण्यालाच जाणार. गुरांना काटेरी तण कापून घालायचे. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून लोकांनी मोटारींची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपले आणि त्या गाड्यांना पंतप्रधान बेनेटांचं नाव दिलं. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी मदत म्हणून खारवलेला सुका मासा पाठवला. इथं तो कसा शिजवायचा ते कुणाला माहीत नव्हतं. डॅड सांगायचे, कुत्र्यानंही तोंड फिरवलं.

त्यामुळे १९४२ ची कापणी आटोपून ते सैन्यात गेले ते देशप्रेमानं की भुकेनं, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "रोज एक डॉलर तीस सेंट, तीन वेळचं जेवण आणि नवे बूट. देशप्रेम नंतर आलं."

लोकांना वाटायचं, हे फ्रान्समध्ये नॉर्मंडीला ६ जून १९४४ च्या पहिल्या लाटेत उतरलेले असणार. कुणी तसं म्हटलं की ते लगेच दुरुस्त करायचे. त्यांची पलटण, रजायना रायफल्स, त्या दिवशी जूनो किनाऱ्यावर उतरली हे खरं, पण हे जुलैत, पडलेल्या माणसांच्या जागा भरायला गेलेले. ऑगस्टमध्ये कॉन शहराच्या दक्षिणेला, फालेझच्या दिशेनं पुढे सरकताना भोवती मैलोन् मैल उभा गहू होता. कापायला माणूस नाही, रणगाडे त्यातूनच चाललेले. वरून गोळ्या जायला लागल्यावर डॅड त्या गव्हात पालथे पडले, आणि पडल्या पडल्या हातानं एक ओंबी चोळून दाणा चावून पाहिला.

"मग?"

"तयार होता. दोन दिवस आधीच कापायला हवा होता."

युद्धाबद्दल मला जे काही कळलं ते असंच, पिकापाण्याच्या आडून. ऑक्टोबरात बेल्जियममध्ये लिओपोल्ड कालव्यापलीकडे गेले तेव्हा जर्मनांनी सखल रानं पाण्याखाली घातलेली. खंदक खणावा तर फूटभर खाली पाणी. "आयुष्यात पाण्याचा कंटाळा तेवढाच एकदा आला," म्हणायचे. खारं पाणी शिरलेली जमीन पुन्हा पिकायला किती वर्षं लागतात, यावर मात्र ते तासभर बोलत. त्या कालव्यावर त्यांच्या तुकडीतला, आमच्याच भागातल्या शेतावरचा एक मुलगा गेला. त्याच्याबद्दल एकच वाक्य सांगायचे, की त्याला घोडे फार छान हाताळता यायचे.

परत आल्यावर माजी सैनिकांसाठीच्या कर्जातून डॅडनी वडिलांच्या शेजारचा तुकडा घेतला. त्यात दगड इतके, की पुढची चाळीस वर्षं वेचत होते. इथं हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि दर वसंतात खालचे दगड वर येतात, म्हणजे हे काम संपतच नाही. घरातला प्रत्येक पाहुणा, जावई, शाळकरी पोर या कामाला जुंपलं जायचं. मीही गेले आहे, गरोदरपणाचे पहिले महिने धरून. "दगड कमी उचल, पण मोजके चांगले उचल," हा मला मिळालेला सवलतीचा सल्ला.

ऐंशीच्या दशकात गव्हाचा भाव पडला तेव्हा त्यांनी मसूर पेरायचं ठरवलं. सस्कॅचवनच्या विद्यापीठानं १९७८ साली लेअर्ड नावाचं वाण आणलं होतं, पण आमच्या भागातले म्हातारे त्याला हसत होते. शेंगा इतक्या खाली लागतात की कम्बाइनचं पातं जमिनीला टेकवावं लागतं, आणि मग एखादा राहिलेला दगड आत गेला की कल्याण. दगड वेचण्याचं सार्थक झालं ते तेव्हा. पहिल्या वर्षीचं पीक घरी आल्यावर त्यांनी बादलीभर माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, याचं खरोखर कुणी काही खातं का? मी आमटी केली. दोन वाट्या खाल्ल्या, आणि मग भारतात याला भाव काय मिळतो, हा प्रश्न पुढची सगळी वर्षं दर फोनला. मला तो कधीच नीट सांगता आला नाही, माझ्या भावाला विचारावं लागायचं.

११ नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी, कोटावर लाल फूल लावून ते न चुकता गावच्या स्मारकापाशी जायचे. पदकं शिवणाच्या खणात, बटणांच्या डब्यामागे असायची. सासूबाई काढून द्यायच्या तेव्हा लावायचे.

सस्कॅचवननं एक काम केलंय ते मला फार आवडतं. युद्धात मारल्या गेलेल्या इथल्या माणसांची नावं उत्तरेकडच्या निनावी तळ्यांना, बेटांना, टेकड्यांना दिली आहेत, चार हजारांच्या वर. घोडे हाताळणाऱ्या त्या मुलाच्या नावाचंही एक तळं आहे. डॅडनी त्याचा नकाशा मागवून घेतला होता, पण कधी गेले नाहीत. तिथं रस्ता नाही, पाण्यावर उतरणारं छोटं विमान करावं लागतं, आणि तेवढ्या पैशात ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर येतात असं त्यांचं म्हणणं. टायरांचा भाव त्यांनी खरंच काढला होता.

पुढच्या जुलैत मुलगे आणि नवरा मिळून जायचं म्हणताहेत. विमानवाल्याशी बोलणं झालंय. नवरा मासेमारीचा परवानाही काढतोय, कारण एवढे पैसे घालून नुसतं बघून परत यायचं हे त्यालाही पटत नाही.