मुलगा फॉरवर्ड खेळतो, पुढे काय?

ठाण्यात, वाशीत, खारघरमध्ये फुटबॉल टर्फच्या जाळीबाहेर बॅगा सांभाळत उभे असलेले आईबाबा हमखास विचारतात: "आमचा फॉरवर्ड आहे, म्हणजे पुढे राहून गोल करणारा, मॅचमागे दोन-तीन गोल ठोकतो. आधी क्लब, मग इंडिया, असं काही जमेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आधी ती गोलांची मोजणी थांबवा.

अंडर-१३ मधले बरेचसे गोल उंची आणि वेगाचे असतात. वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते. म्हणजे जानेवारीतला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, आणि त्या वयात वर्षभराचा फरक फार. सोळाव्या-सतराव्या वर्षी बाकीचे अंगाने भरले की नुसत्या धावेवर चाललेला फॉरवर्ड अडतो. त्यापुढेही गोल काही ठरवत नाहीत. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये सर्वाधिक, आठ गोल केले इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने. पण सीनियर संघाचं दार त्याला उघडलं नाही. त्याच स्पर्धेची स्पेन-माली सेमीफायनल आपल्या नेरूळला, डी. वाय. पाटीलवर झाली. स्पेनच्या तीन गोलांपैकी दोन आबेल रुईझचे, एक फेरान तोरेसचा. सीनियर संघात पुढे घट्ट पाय रोवले ते फेरानने, आणि तो तेव्हा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा होता.

आता टर्फबद्दल, कारण आपल्याकडची खरी अडचण तिथे आहे. घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंत मुलं फाइव्ह-अ-साइडवर, म्हणजे पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावर वाढतात. तिथे फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, सुधारतो, हे मान्य. पण तिथे ऑफसाइड (पास मिळताना डिफेंडरांच्या पुढे उभं राहायला मनाई) नाही, कडेने गोलसमोर लांबून येणारा क्रॉस नाही, आणि बऱ्याच ठिकाणी बॉल जाळीला लागून परत खेळात येतो. अशा मुलाला मोठ्या मैदानावर उतरवलं की पहिल्या अर्ध्या तासात तो चार-पाचदा ऑफसाइड सापडतो आणि मग घाबरून मागेच थांबतो. आठवड्यातून निदान एकदा पूर्ण मापाचं मैदान हवंच. शूजचंही बघा: मातीवरचे लांब स्टड टर्फवर रुततात, पाय वळतो पण शूज वळत नाही, आणि ताण गुडघ्यावर येतो. टर्फला आखूड रबरी स्टडचेच घ्या.

मोठ्या मैदानावर काय शिकायचं? बॉल विंगला गेला की नवखा फॉरवर्ड सरळ गोलकडे सुटतो. डिफेंडरला हेच हवं असतं, कारण बॉल आणि माणूस दोन्ही एका नजरेत येतात. त्याऐवजी आधी दोन पावलं गोलच्या पलीकडच्या खांबाकडे, डिफेंडरच्या पाठीमागे सरकायचं. त्याला मान वळवावी लागते. विंगरने क्रॉससाठी मान वर केली, की त्याच क्षणी डिफेंडरच्या पुढून अलीकडच्या खांबाकडे घुसायचं. आधी घुसलात तर बॉल यायच्या आत जागा संपते, उशीर झाला तर डिफेंडर पाय घालतो. मारताना टेकलेला पाय बॉलच्या शेजारी हवा. तो मागे राहिला आणि अंग मागे झुकलं की बॉल बारवरून जातो. सराव म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-दहा क्रॉस द्या, समोर खरा डिफेंडर ठेवा, आणि मोजायचंच असेल तर बॉलपर्यंत आधी कोण पोचलं ते मोजा.

भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री जेमतेम १७० सेंटीमीटर उंचीचा, तरी त्याने हेडरवर भरपूर गोल केले ते या वेळ साधण्यामुळे. २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून, नेरूळलाच, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. पण त्याची वाटसुद्धा सरळ नव्हती. २००२ ला मोहन बागान, मग जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो असे क्लब. क्वीन्स पार्क रेंजर्स या इंग्लिश क्लबशी बोलणी झाली, पण भारताचं फिफा रँकिंग खालचं म्हणून इंग्लंडने वर्क परमिट नाकारलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आणि पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघात मैदानावर फारसं उतरायलाच मिळालं नाही, म्हणून तो परत आला. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. खेळायला मिळत नसेल तर क्लबचं नाव काय कामाचं? जून २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली तेव्हा देशासाठी १५१ सामन्यांत ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये परत येऊन मालदीवविरुद्ध आणखी एक केला.

छेत्रीची बरोबरी करणारा दुसरा 'नाइन', म्हणजे मधला फॉरवर्ड, का सापडत नाही? आयएसएलचे क्लब परदेशी खेळाडूंवर खर्च करतात तो बहुतेक मधल्या फॉरवर्डवर. भारतीय पोराला विंगवर ढकलतात. परदेशी फॉरवर्ड मिकू बंगळुरू एफसीत होता तेव्हा खुद्द छेत्रीही बऱ्याचदा डावीकडून खेळायचा. मग नॅशनल कॅम्पमध्ये कोच मधला फॉरवर्ड शोधतो आणि समोर सगळे विंगर. तेव्हा मुलाला दोन्ही जागा शिकवा, आणि डावा पायही. शिवाय देशाच्या कोचच्या हाती फिफा विंडोचे, म्हणजे क्लबने खेळाडू देशासाठी सोडायचे, बहुतेकदा आठ-दहा दिवसच असतात. त्यात त्याला शिकवायला सवड नसते. बॉल समोरच्या संघाकडे गेल्यावर कुणाला आणि कुठून अडवायचं हे आधीच कळणारा पोरगा तो घेतो.

राहिली कागदपत्रं. फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर (खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी) नोंदणी करताना जन्मदाखला खराच द्या. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात आणि खोटं तिथे उघडं पडतं. शाळेतून सुब्रोतो कप ही आंतरशालेय स्पर्धा आहे, घणसोलीत रिलायन्सची निवासी अकॅडमी आहे. पैसे घेऊन 'सिलेक्शन पक्कं' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 'पंधराव्या वर्षी स्पेनच्या क्लबला लावतो' म्हणणाऱ्यालाही: काही मोजके अपवाद सोडले तर अठरा वर्षांखाली परदेशी क्लबकडे ट्रान्सफरला फिफाची मनाई आहे, म्हणजे तो तुम्हाला फक्त सुट्टीतला कॅम्प विकतोय. आणि दहावी-बारावी सोडू देऊ नका. २०२५-२६ चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, तेव्हा करार हातात असलेले खेळाडूही महिनोन्महिने घरी बसून होते.