तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्टोपियन

"काकू, डिस्टोपियन म्हणजे नेमकं काय हो?" कॉलेजातून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले तरी हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. परवा तर पोह्याच्या ठेल्यावर, एका हातात जिलबी असताना कुणीतरी विचारलं. जिलबी संपेपर्यंत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

बहुतेक जण 'फार वाईट' या अर्थी हा शब्द वापरतात. रस्त्यात पाणी तुंबलं, डिस्टोपियन. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इंदूरच्या राजवाड्यासमोर शुकशुकाट होता, तोही डिस्टोपियन. माझं म्हणणं, पाणी तुंबलं तर तो गचाळ कारभार, आणि साथ ही साथ. गोंधळासाठी आपल्याकडे शब्दांची कमी नाही: अंधेर नगरी आहे, मोगलाई आहे, झोटिंगशाही आहे. पण अंधेर नगरीतला राजा चौपट असतो. डिस्टोपियातला राजा हुशार असतो, त्याची कचेरी वेळेवर उघडते, आणि जे काही चाललंय ते तुमच्याच भल्यासाठी.

शब्दाचं मूळही तेच सांगतं. टॉमस मोर या इंग्रज लेखकाने १५१६ साली लॅटिनमध्ये एका आदर्श बेटाबद्दल 'युटोपिया' हे पुस्तक लिहिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'नसलेली जागा', आणि उच्चारात 'चांगली जागा' असाही श्लेष. पुढे त्यालाच 'डिस' जोडला, म्हणजे वाईट, बिघडलेलं. डिसेंट्रीतला डिस तो हाच. हे सांगितलं की वर्गात कुणी विसरत नसे. १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने ब्रिटिश संसदेत आयर्लंडवर बोलताना सरकार पक्षाला 'डिस्टोपियन' म्हणून टोमणा मारला: युटोपिया म्हणजे अमलात येणार नाही इतकं चांगलं, तुमचं धोरण अमलात येणार नाही इतकं वाईट. (याच मिलने कंपनी सरकारच्या लंडनच्या कचेरीत ३५ वर्षं नोकरी केली होती. असो.)

मला मात्र मिलपेक्षा मोरच जास्त खुपतो. त्याच्या त्या आदर्श बेटावर सगळं सगळ्यांचं आहे, कामाचे तास सहाच, घरांना कुलपं नाहीत. आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर परवानगीचा कागद लागतो. कागदाशिवाय सापडलात तर शिक्षा, पुन्हा सापडलात तर गुलामी. हो, बेटावर गुलामही आहेत. म्हणजे डिस्टोपिया शोधायला दुसरं पुस्तक उघडायची गरज नाही. गुलामाच्या बाजूने वाचलं की झालं.

आता घरचं. लोकमान्यनगरातलं जुनं घर सोडून आम्ही बायपासजवळच्या एका टाउनशिपमध्ये राहायला आलो. झाडं आहेत, लिफ्ट बंद पडत नाही, ओला-सुका कचरा वेगळा न देणाऱ्याकडे लोक रोखून बघतात. गेटसाठी एक ॲप आहे. कामाच्या ताई गेटवर नंबर दाबतात, की माझा फोन टिंग करतो: आल्या. मी चहाचं आधण ठेवते. सोय आहे, खोटं कशाला बोलू? त्याच ॲपवर त्यांना तारे द्यायचे असतात, पाचपैकी. ते आम्हाला दिसतात, त्यांना दिसत नाहीत.

एकदा त्यांच्या मागोमाग मीही गेटपर्यंत गेले, भाजी आणायची होती. चौकीदाराने अजून मानही वर केली नव्हती, तोवर त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यासमोर धरला. रिकामा, धुतलेला, कडेला पाण्याचे दोन थेंब. त्याने मान हलवली, त्यांनी झाकण लावलं. कुणी कुणावर ओरडलं नाही, दोघांत दारातल्या पावसाबद्दल दोन शब्दही झाले. तुम्ही विचारता तो शब्द मी असल्या जागी वापरीन.

गेल्या आठवड्यात भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं, "दीदी, मेरे कितने तारे हैं?"

फोन ओट्यावरच होता. ३.८ होते. त्यातले माझे किती, तेही मला ठाऊक होतं.

"अच्छे हैं," मी म्हटलं, आणि फोन पालथा ठेवला.