पाचवा तास मैदानाचा

आमची शाळा जिल्हा परिषदेची, माण तालुक्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास पहिल्यापासून आहे, पण नोकरीची सुरुवातीची कित्येक वर्षं तो मी गणितालाच दिला. भागाकार मागे राहिलाय, मग मैदान कशाला? यात काही चुकतंय असं वाटायचंही नाही.

तिसरीत एक मुलगी होती. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सगळ्यांत मागे. सारखी शेजारणीच्या वहीत डोकवायची आणि मी ओरडायची. पोरगी कच्ची आहे, हा माझा ठाम समज. एका दुपारी वीज गेली, वर्गात जीव घाबरा व्हायला लागला म्हणून पोरांना बाहेर लिंबाखाली नेलं आणि लगोरी मांडली. चेंडू सुटला की बाकीची वाकून बाजूला व्हायची. ही सरळ उभी. चेंडू अगदी अंगाशी आला की दचकायची. तीनदा पाठीत बसला. मी खेळ थांबवला, तिला दहा पावलांवर उभं केलं आणि विचारलं, "किती बोटं गं?" डोळे बारीक करून ती बघत राहिली. मग हळूच दोन पावलं पुढे सरकली.

तपासणीला आलेल्या आरोग्य पथकाला तिला दाखवलं, पुढे ग्रामीण रुग्णालयात नेलं, चष्मा लागला. नंबर बराच होता. सात महिने ती माझ्यासमोर बसली होती.

तेव्हापासून तो तास मी कुणालाही देत नाही. कोण एका फेरीतच धापा टाकतंय, कुणाचे ओठ पांढरे पडलेत, कोण सकाळपासून उपाशी आहे, हे बाकावर बसलेल्या पोरांत कळत नाही. आणि शिकणंही तिथे होतंच. खो-खोत आठ जण एकाआड एक उलट तोंड करून बसतात. खो मिळाला की कुठल्या बाजूला उठायचं, हे तिसरीतल्या पोराला पटकन उमगत नाही. एकदा एका दिशेला निघालं की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही. दिशा, डावं-उजवं, आपली पाळी येईपर्यंत दम धरणं, सगळं त्यात आलं.

पालक म्हणतात, "बाई, घरी काय कमी पळतात का?" आता खरंच कमी पळतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल हवी म्हणते. आमच्या पोरांच्या हातात संध्याकाळी मोबाईल असतो.

मला राग येतो तो याचा: शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस, सहावी ते आठवीलाच, तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीचं काय? हाडं तर या वयातही घडतच असतात. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. आमच्या पोरींना हे मी दरवर्षी सांगते.

ती चष्मेवाली आता चौथीत आहे. चष्म्याच्या दांड्यांना तिच्या आईने परकराची नाडी बांधून दिलीय. फक्की संपली म्हणून शुक्रवारी तिने घरून डबाभर चुलीतली राख आणली आणि खो-खोच्या रेघा स्वतः मारल्या. दोन वाकड्या आल्या, तर पायाने पुसून परत मारल्या.